टाकाऊ वस्तूंचं कोलाज: मादागास्करच्या पठारावरचं एक दृश्य, पोपडे-बुरशी-गंज टाळून

टाकाऊ वस्तूंचं कोलाज पहिल्या दिवशी सगळ्यांचंच छान दिसतं. ते खरंच कसं झालंय, हे कळतं तिसऱ्या आठवड्यात. पुठ्ठा कमानीसारखा वाकतो, पत्र्याचा तुकडा सुटून पडतो, कापडाखाली काळे ठिपके दिसायला लागतात. अशी बिघडलेली चित्रं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत चूक चिकटवताना झालेली नसते. ती त्याच्या आधीच्या दोन दिवसांतली असते. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे.

समोर चित्र ठेवलंय मादागास्करच्या मधल्या पठाराचं: लाल विटांचं उंच, अरुंद घर, पुढे भातखाचरं, बांधावर एक वशिंडवाला बैल. माप ३० × ४० सेंमी. मालागासी कोलाजची अशी एकच ठरलेली पद्धत नाही, पण तिथल्या हातांकडून तीन सवयी घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. मालागासी (म्हणजे मादागास्करच्या) विणकर मादाम झो (१९५६–२०२०) मागावर तांब्याची तार, वर्तमानपत्र, कॅसेटची चुंबकीय फीत विणायच्या, आणि कापडात ती फीत फीतच दिसायची. वस्तू लपवायची नाही, ही पहिली सवय. तिथलेच कलावंत ज्योएल आंद्रियानोमेआरिसोआ यांनी २०१९ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मादागास्करच्या पहिल्याच दालनात काळ्या कागदाचे थरांवर थर टांगले. रंग कमी आणि थर जास्त, म्हणजे सावली आपोआप काम करते, ही दुसरी. तिसरी सवय डब्यांच्या पत्र्यापासून खेळण्यातल्या गाड्या करणाऱ्या कारागिरांची: पत्र्याला कान (कडेबाहेर राखलेल्या बारीक पट्ट्या) ठेवायचे, ते खाचेतून घालून मागे दुमडायचे.

## १. गोळा करण्याआधी ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक आधी पोतंभर भंगार आणतात आणि मग त्यातून चित्र शोधतात. उलट करा. आधी कागदावर पेन्सिलीने दृश्य काढा, त्याचे भाग पाडा, प्रत्येक भागापुढे एकच वस्तू लिहा. या चित्राला एवढंच लागतं:

- वर्तमानपत्राचे ८–१० पूर्ण कागद (आकाश, खाचरं, मागची बाजू)
- विटकरी किंवा लालसर छपाईचे खोके, २–३ (भिंती)
- जुनं सुती कापड, दोन हात, शक्यतो काठ असलेलं
- कंडेन्स्ड दुधाचे पत्र्याचे डबे, २ (छप्पर आणि बैल)
- बारीक तांब्याची तार, हातभर, जुन्या वायरीतून सोललेली
- सुतळी किंवा वाळलेल्या पानांचे तंतू

दुधाचा डबा मुद्दाम निवडला आहे. मादागास्करात या डब्याला कापुआका म्हणतात आणि तांदूळ त्यानेच मोजून विकतात. साधारण साडेतीन कापुआका म्हणजे एक किलो. डबा रिकामा झाला की त्याचं माप होतं. तिथल्या घराच्या चित्रात त्याचा पत्रा शोभतो तो यामुळे. तंतूंसाठी तिथे राफिया ताडाची पानं असतात. आपल्याकडे फुलवाले गजरा बांधायला वापरतात तो केळीचा दोरा जवळचा.

कापड निवडताना लांबाहुआनी आठवा. चारही बाजूंनी काठ, मधे मोठं चित्र आणि खाली एका ओळीत म्हण छापलेली, असं ते मालागासी सुती वस्त्र असतं. तुमच्याकडच्या जुन्या साडीचा काठ त्या जागी चालेल, पण काठ सरळ रेषेत कापा. तिरका गेला तर सगळं चित्र कललेलं दिसतं.

इशारा: बाओबाबचं झाड घालायचा मोह होईल. घालू नका. बाओबाबच्या सहा जाती जगात फक्त मादागास्करात आहेत हे खरं, पण ती झाडं पश्चिमेच्या, दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या कोरड्या, सखल भागातली. मोरोंदावाजवळचा तो प्रसिद्ध रस्ता समुद्रकाठच्या बाजूला आहे. विटांचं घर आणि भातखाचरं आहेत आन्तानानारिव्हो या राजधानीच्या आसपास, सव्वा हजार मीटर उंचीवर. दोन्ही एका चौकटीत आली की तिथल्या माणसाला ते लगेच खटकतं. बाओबाब हवाच असेल तर चित्र वेगळं करा, आणि खोड बाटलीसारखं फुगीर न काढता खांबासारखं सरळ काढा, फांद्या फक्त शेंड्याला.

## २. पत्रा: कापणं, सपाट करणं, कडा मारणं

डबा कुठला आहे ते आधी लोहचुंबकाने बघा. चिकटला तर पोलादी, म्हणजे कापलेल्या कडेला गंज धरणार. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. तो गंजत नाही आणि साध्या जाड कात्रीने कापला जातो. पहिल्यांदाच करणाऱ्याने शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा घ्यावा.

इशारा: फवाऱ्याचे दाबाचे डबे घरी कधीही कापू नका, रिकामे वाटले तरी. आणि मादागास्करच्या आंत्सिराबे गावातल्या पत्र्या-तारेच्या चिमुकल्या खेळण्यातल्या सायकलींना सलाईनच्या नळीचे टायर असतात हे पाहून दवाखान्याच्या कचऱ्यात हात घालू नका. नळी हवी असेल तर नवी विकत घ्या.

क्रम असा. डबा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. लेबलाचा गोंद आणि आतला दुधाचा साका दोन्ही सुटले पाहिजेत. साखरेचा अंश राहिला तर मुंग्या चित्रापर्यंत येतात. मग जाड हातमोजे घालून वरची-खालची चकती काढा आणि शिवणीच्या कडेने उभा काप घ्या. साधारण २२ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद पट्टी हाती येते.

ती लगेच हातोडीने ठोकू नका. पत्र्याला गोल राहायची सवय असते. ठोकलं की खळगे पडतात आणि बाक तसाच राहतो. पट्टी लाटण्यावर उलट्या बाजूने गुंडाळा, सोडा, पुन्हा गुंडाळा. तीन-चार वेळा केलं की ती जवळजवळ सपाट पडते. मग दोन लाकडी फळ्यांमधे धरून वरून ठोका.

आता आकार कापा. छपरासाठी चार पट्ट्या, बैलासाठी एकच तुकडा. प्रत्येक आकाराला दोन-तीन ठिकाणी ५ मिमी रुंद, १० मिमी लांब कान ठेवायला विसरू नका; नंतर जोडता येत नाहीत. उरलेल्या कडा ४ मिमी आत दुमडा किंवा बारीक कानशीने घासून बोथट करा. बैलाचं वशिंड खांद्यावर येतं, पाठीच्या मध्यावर नाही. हे मराठी माणसाला सांगायला नको, पण इंटरनेटवरच्या आकृत्या गिरवताना ते हमखास सरकतं.

पोलादी पत्रा असेल तर कापलेल्या कडेवर नेलपॉलिशचा पारदर्शक हात फिरवा. शेवटी एकदा पुसा आणि नुसत्या हाताने पुन्हा धरू नका. बोटाचा घाम पुरेसा असतो. दोन महिन्यांनी अंगठ्याचा ठसा गंजाच्या रंगात उमटतो.

तपासा: कापसाचा बोळा प्रत्येक कडेवरून फिरवा. तंतू अडकला तर कड अजून धारदार आहे.

## ३. कागद आणि कापड

वर्तमानपत्र फाडून बघा. एका दिशेने ते सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटतं ती कागदाच्या धाग्यांची दिशा. ओला कागद धाग्यांच्या आडव्या बाजूला फुगतो. म्हणून एका थरातले सगळे तुकडे एकाच दिशेने लावायचे आणि पुढच्या थराची दिशा फिरवायची. एवढं पाळलं तरी निम्म्या सुरकुत्या जातात.

वर्तमानपत्र पिवळं पडणार हे गृहीत धरा. त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे ते होतं आणि वॉर्निशने थांबत नाही. खाचरांसाठी मला तो पिवळेपणा आवडतो, पिकलेल्या भाताचा रंग येतो. आकाश मात्र पांढरं राहायला हवं असेल तर त्या पानाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती वापरा. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रत नको. मैद्याची खळ (कृती पाचव्या भागात) लागली की शाई पसरते.

हातकागद मिळाला तर आकाशाला तोच घ्या. मादागास्करात आंबालावाओला आंताइमुरु कागद करतात: आव्होहा नावाच्या झाडाची साल शिजवायची, कुटायची, लगदा कापडी चौकटीवर पसरून ताजी फुलं त्यावर बसवायची आणि उन्हात वाळवायचं. असा कागद चारही दिशांना सारखाच फुगतो, म्हणून कमी वाकतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाडसर कागदही याच कामाचा.

खोक्याचा पुठ्ठा भिंतीसाठी घेताना त्याचा वरचा छापील पापुद्राच हवा. खोका पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पापुद्रा हलक्या हाताने सोलून काढा, वर्तमानपत्रात दाबून वाळवा. छापलेली अक्षरं, बाण, वजनाचे आकडे राहू द्या. भिंतीवर ते विटांच्या ओळींसारखे दिसतात, आणि वस्तू ओळखू येण्याची मजा त्यातच आहे.

कापड धुवा, पण सुगंधी सॉफ्टनर घालू नका. त्यावर चिकट धरत नाही. वाळल्यावर पातळ खळीत बुडवून, पिळून, ताणून वाळवा आणि इस्त्री करा. असं कडक कापड कागदासारखं कापता येतं आणि कडेचे धागे सुटत नाहीत.

तपासा: सगळी सामग्री एक रात्र पंख्याखाली ठेवा. सकाळी पुठ्ठा गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. एक दिवस आणखी थांबा.

## ४. पाया

खोक्याचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. पत्रा जड असेल तर ६ मिमी प्लायवुड घ्या. दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या (एक भाग गोंद, एक भाग पाणी) आणि वाळू द्या.

आता जी गोष्ट बहुतेक जण गाळतात ती. पुढे जेवढे कागदाचे थर येणार, तेवढेच मागेही लावायचे. कागद वाळताना आक्रसतो आणि पाया स्वतःकडे ओढतो. मागून तेवढीच ओढ नसेल तर पुठ्ठा पुढच्या बाजूला वळतो. नंतर वजन ठेवून तो सरळ होत नाही. वजन काढलं की चार दिवसांत परत वळतो.

## ५. कशाला काय चिकटतं

कागद आणि कापड: खळ. ५० ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. एकूण पाणी ३०० मिली. उरलेलं पाणी उकळून त्यात तो ओता आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, गाळा, गार होऊ द्या. दोन दिवसांत संपवा.

बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. या कामात तो नको. एक तर तो विषारी आहे, मुलं असलेल्या घरात तर नकोच. दुसरं, मोरचुदाची खळ पोलादी पत्र्याला लागली की तिथे तांबूस थर बसतो आणि गंज लवकर येतो. लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब पुरतात.

सुतळी, तंतू: पांढरा गोंद, पाणी न घालता.

पत्रा: काहीच नाही. एका श्रावणात मी पत्र्याचं छप्पर पांढऱ्या गोंदाने बसवलं होतं. दहा दिवसांनी ते खाली पडलं. उचलून पाहिलं तर पत्र्याची मागची बाजू आरशासारखी स्वच्छ, आणि गोंदाचा सगळा पापुद्रा कागदावर तसाच. पत्र्यात पाणी मुरत नाही, मग पाण्यातला गोंद त्याला धरणार कशाने? चप्पल चिकटवायचं सोल्यूशन काही काळ धरतं, पण पत्रा उन्हाने फुगतो नि आक्रसतो, कागद दमटपणाने. दोघांची ओढाताण होऊन तेही सुटतं. कान दुमडून किंवा तारेने टाके घालून बसवलेला पत्रा मात्र राहतो.

## ६. कोरडी मांडणी

गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. सगळे तुकडे पायावर नुसते मांडा. मागचं आधी, पुढचं नंतर: आकाश, दूरच्या टेकड्या, खाचरं, घर, छप्पर, बैल, शेवटी गवत.

उजेड कुठून येतो ते आताच ठरवा. पठारावरच्या जुन्या वळणाच्या घरांची दारं-खिडक्या पश्चिमेकडे उघडतात, म्हणून घराचा दर्शनी भाग दाखवत असाल तर त्यावर उतरतं ऊन असलं पाहिजे. सावली रंगाने काढू नका. छपराखाली काळ्या छपाईच्या कागदाची अर्ध्या सेंमीची पट्टी अर्धवट बाहेर ठेवा, त्यावर दुसरी थोडी आत. दोन थरांत जी सावली पडते ती रंगात येत नाही.

जमिनीला लाल रंग हवा. ही माती लोहाच्या अंशाने लाल झालेली, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. रत्नागिरीकडच्या वाचकाने अंगणात बघून रंग जुळवला तरी चालेल.

मांडणीचा फोटो काढा. मग प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने आकडा घाला. शाईच्या पेनाने घातला तर तो खळीत विरघळून पुढे उमटतो.

तपासा: फोटो मोबाईलवर काळा-पांढरा करून बघा. बैल आणि भिंत एकच झाली असेल तर त्यातलं एक बदला.

## ७. चिकटवणं

पुढचा आणि मागचा थर एकाच दिवशी लावा. कागदाच्या तुकड्याला मागून खळ लावा आणि चार मिनिटं तसाच ठेवा. या चार मिनिटांत तो जेवढा फुगायचा तेवढा फुगतो. लगेच चिकटवला तर पायावर गेल्यावर फुगतो आणि फुगे येतात. लोक याला गोंद कमी पडला समजून आणखी गोंद ओततात, आणि बुरशीला तेच हवं असतं.

तुकडा ठेवा, मधून कडांकडे मऊ कापडाने सारा. कडेतून बाहेर आलेली खळ ओल्या फडक्याने टिपा, घासू नका. एका वेळी एकच थर. वर बटर पेपर, त्यावर वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर सपाट फळी आणि आठ-दहा किलो वजन. वर्तमानपत्र दर चार तासांनी बदला. ओलावा तेच शोषतं. न बदलता ठेवलं तर ओलावा तिथेच कोंडून राहतो.

वाळायला किती वेळ? आन्तानानारिव्होत मे ते ऑक्टोबर हा कोरडा, गार मोसम असतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा. आपल्या पावसाळ्याच्या बरोबर उलट. म्हणून तिकडचा कारागीर ऑगस्टमधे एका रात्रीत वाळवतो म्हणून मुंबईत ऑगस्टमधे ते जमणार नाही. देशावर उन्हाळ्यात एक दिवस, कोकणात पावसाळ्यात थराला तीन दिवस धरा. हेअर ड्रायर नको. वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल राहते.

कागद पुरता वाळल्यावर कापड, ते वाळल्यावर तंतू. हा क्रम फिरवू नका. तंतूंवरून दाब दिला की त्यांचे वळ कागदावर कायमचे उमटतात.

## ८. पत्रा बसवणं

पत्र्याचा तुकडा जागेवर धरून कानांच्या जागी पेन्सिलीने खूण करा. पातळ पात्याने पायाला आरपार खाच पाडा, कान घाला, मागे आणून दुमडा, लाकडी ठोकळ्याने चेपा. प्लायवुड असेल तर खाचेऐवजी बारीक छिद्रं पाडा आणि तांब्याच्या तारेचे टाके घाला. तारेची टोकं मागे दोनदा पिळून, चपटी करून दाबा.

बैलाचे पाय पत्र्यातून कापायचा हट्ट धरू नका. इतक्या बारीक पट्ट्या वाकतात. पाय तारेचे करा, अंग पत्र्याचं. डब्याच्या आतली सोनेरी बाजू पुढे ठेवली तर अंगाला संध्याकाळच्या उन्हाची झाक येते. मी शिंगंही त्याच बाजूने कापतो, लांब आणि वर वळलेली.

मागचे सगळे कान आणि टाके झाकणारा एक कागद शेवटी लावा, नाहीतर भिंतीला ओरखडे पडतात.

तपासा: चित्र उभं धरून हलकं हलवा. खुळखुळ आली तर कुठला तरी कान सैल आहे.

## ९. वरचा हात आणि टांगणं

पाण्यावर चालणारं मॅट वॉर्निश, दोन पातळ हात, मधे सहा तास. पहिला हात उभा, दुसरा आडवा. पत्र्याच्या कडेला ते साचू देऊ नका. चकचकीत वॉर्निश टाळा; त्याने कागद, कापड, पत्रा सगळं एकाच प्लास्टिकचं वाटायला लागतं.

काचेची चौकट करणार असाल तर चित्र आणि काच यांत किमान दीड सेंमी अंतर ठेवायला सांगा. टांगताना मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि पुठ्ठ्यामधून हवा खेळते. बाहेरच्या बाजूच्या, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

मागच्या कागदावर पेन्सिलीने तारीख, खळ की गोंद, आणि पत्रा कुठल्या डब्याचा ते लिहून ठेवा. दसऱ्याच्या साफसफाईत चित्र एकदा उतरवून मागची बाजू बघा. कुबट वास येत असेल तर दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. एखादा कान हलत असेल तर तेवढ्या जागेचा मागचा कागद ओला करून काढा, कान पुन्हा चेपा आणि नवा तुकडा लावा.